‘मासळी तू देशील का?’

ताई,
मी मूळची कराडची, वय २७. जीएनएम (नर्सिंग) केलं, पुण्यात चार वर्षं नोकरी केली. आता सात महिने झाले, केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठी, होमा बे काउंटीत एका छोट्या संस्थेत आहे. दर आठवड्याला मासळी उतरते त्या काठावर जायचं, एचआयव्ही आणि सुरक्षित संबंधांवर बोलायचं, लाकडी मॉडेलवर काँडोम लावून दाखवायचा आणि पाकिटं वाटायची, हे माझं काम. भाषांतराला चर्चमधला एक तरुण आहे. मी दहा वाक्यं बोलले की तो दोन बोलतो आणि लोक हसतात. गेल्या महिन्यात ‘प्रत्येक वेळी काँडोम वापरा, समोरचा ऐकत नसेल तर नाही म्हणा’ असं सांगत होते. मासळी विकणारी एक बाई उठून म्हणाली, ‘बरं, म्हटलं नाही. मग मासळी तू देशील का?’ सगळा काठ हसला. मी पिशवी आवरून निघून आले, रात्रभर रडले. बायका म्हणतात, लग्न न झालेल्या मुहिंदी, म्हणजे भारतीय, पोरीला काय कळतंय. एक सोळा वर्षांची मुलगी मात्र मागे मागे येते, तिला काहीतरी सांगायचं असावं. आणि इकडे कराडला आई सगळ्यांना सांगते की मी लहान मुलांना लसी टोचते. मी या कामाची नाहीच का? परत येऊ?
— स., होमा बे

प्रिय स.,

परत यायचं की नाही ते तुझं तू ठरव, त्यात मी पडत नाही. मला आधी त्या बाईबद्दल बोलायचंय. ती तुझी टर उडवत नव्हती. सात महिन्यांत त्या काठावर तुला कुणी विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता, आणि नेमकी तेव्हाच तू पिशवी आवरलीस.

मी त्या भागात, किसुमूच्या बाजूला दोन वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सांगते. ‘जाबोया’, म्हणजे मासळीसाठी होडीवाल्याशी संबंध, हा शब्द तुझ्या कानावर आलाच असेल. होडी पुरुषाची, जाळं पुरुषाचं, सरोवरात जायचं पुरुषाने. विकायचं काम बाईचं. पूर्वी मासळी भरपूर होती तेव्हा काठावर येईल तिला टोपलीभर मिळायची. मग मासळी आटली, विकणाऱ्या वाढल्या. आता होडी लागते तेव्हा वीस बाया उभ्या असतात आणि माल सहा-सात जणींपुरताच असतो. तो कुणाला द्यायचा हे होडीवाला ठरवतो, आणि त्याची जी ठरलेली असते तिला आधी मिळतो. आपल्याकडच्या लोकांना हे सांगितलं की त्यांना वाटतं बाईला मासळी फुकट मिळत असेल. फुकट काही नाही. ती पैसे मोजतेच. शरीर द्यायचं ते फक्त रांगेत पुढे उभं राहण्यासाठी.

आपल्याकडेही होडीवर पुरुष आणि बाजारात कोळीणच. पण तिच्या पाटीतला म्हावरा बहुधा घरच्या होडीचा, नाहीतर बंदरावरच्या लिलावातला असतो. पैसे हातात असले की लिलावात बोली लावता येते. तुझ्या काठावरच्या बाईला घरची होडी नाही आणि लिलावही नाही. तेव्हा ‘नाही म्हणा’ हे तू तिला कशाच्या जोरावर सांगितलंस? नाही म्हणायचं तर त्या दिवशीचा धंदा बुडतो, पोरांची फी राहते, आणि उद्या तो माणूस दुसरीला हाक मारतो. तिने हा सगळा हिशेब एका वाक्यात तुझ्यासमोर मांडला.

आणि तुला वाटतंय तशी माहितीची तिथे वानवा नाही. २०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत अख्ख्या केनियात प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण ४.९ टक्के निघालं, आणि होमा बेमध्ये जवळपास पाचात एक. तू सभा घेतेस त्या झाडाखाली बसलेल्या प्रत्येकाने घरातलं कुणीतरी पुरलेलं आहे. एचआयव्ही कसा पसरतो हे त्या बाया तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त वर्षं ऐकत आल्या आहेत. त्यांच्यापुढे पुन्हा ‘एचआयव्ही म्हणजे काय’ इथून सुरुवात केलीस तर त्या हसणार नाहीत तर काय करतील?

माझी एक फजिती सांगते. नव्वदच्या दशकात मिरजेच्या बाजूला एका वस्तीत मी धंदा करणाऱ्या बायकांना काँडोम शिकवायला गेले होते. तुझ्यासारखीच पिशवी, तसंच लाकडी मॉडेल, घोटून पाठ केलेलं भाषण. अर्धं झालं असेल, तेवढ्यात कोपऱ्यात तंबाखू मळत बसलेल्या एका म्हातारीने ते मॉडेल माझ्या हातातून घेतलं आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागू न देता काँडोम कसा चढवायचा ते दाखवलं. दोन सेकंद लागले असतील. वर मला म्हणाली, ‘बाई, आम्ही ह्याच्याशी वाद घालत बसत नाही.’ मी शिकवायला गेले आणि शिकून आले. त्याच सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ ही संस्था काम करते आहे, आणि १९९६ मध्ये तिथल्या बायकांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. काँडोम वाटायचं, समजावायचं, अडलेलीला दवाखान्यात न्यायचं काम त्या बायकाच करत आल्या. दारूच्या नशेतलं गिऱ्हाईक कसं वळवायचं हे ज्यांना माहीत आहे त्यांनीच ते दुसरीला सांगायचं, एवढं साधं होतं ते.

म्हणून माझं पहिलं सांगणं: त्या बाईकडे जा. सभेत नको, एकटी जा. ती ओमेना, म्हणजे सरोवरातली बारीक मासळी, वाळत घालते तिथे, पहाटेची गडबड संपल्यावर. आपल्या कोकणात सुकट पसरतात तसंच जमिनीवर जाळ्यावर पसरलेलं असेल. बस आणि पाखडायला लाग. पिशवी नेऊ नकोस, वही तर मुळीच नको. तिला म्हण, ‘तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तू काय करतेस?’ बहुतेक तिच्याकडे उत्तर असेल. काही जणी दोघी-तिघी मिळून एका होडीवाल्याकडून घेतात, म्हणजे कुणी एकटी त्याच्या तावडीत सापडत नाही. काही जणींनी काँडोम ही अट घालून पाहिलेली असते. कुणाची चालली, कुणाची नाही. कुणी हा धंदाच सोडून भाजी विकायला बसली. हे सगळं तुझ्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नसतं.

तिथल्या बायकांची ‘चामा’ असते, आपला बचत गटच म्हण. दर आठवड्याला पैसे गोळा करायचे, फिरते कर्ज द्यायचं. तुझी खरी सभा तिथे आहे. किसुमू काउंटीत नदुरू काठावर २०११ च्या सुमारास बायकांनी गट केला, बाहेरची मदत घेऊन स्वतःच्या होड्या केल्या आणि मासे धरायला पुरुषांना मजुरीवर ठेवलं. पारडंच फिरलं. मग होड्या जुन्या झाल्या, फुटल्या, आणि २०२० मध्ये सरोवराचं पाणी चढून वस्तीच बुडाली. तेव्हा होडी म्हणजे जादूची कांडी आहे असं मी म्हणत नाही, आणि तुझ्या संस्थेने होड्या वाटाव्यात असंही नाही. पण ‘मासळी तू देशील का’ या प्रश्नावर तिथल्याच बायकांनी एकदा उत्तर काढलेलं आहे, एवढं तुला माहीत असावं. तुझ्या वरिष्ठांच्या कानावरही ते घाल.

आता भाषांतरकार. त्याला आजच या कामातून मोकळं कर, प्रेमाने, त्याचा दोष नाही. चर्चमधल्या पंचविशीतल्या पोराने आपल्या आईच्या वयाच्या बायकांसमोर योनी आणि वीर्य हे शब्द उच्चारायचे? तू कराडच्या नगरपालिकेसमोर बोलशील का? तो दहाची दोन वाक्यं करतो ती लाजेने करतो. बायकांसाठी एखादी वयस्कर बाई बघ, तिथल्या आरोग्य स्वयंसेविकांपैकी कुणी, जिची जीभ तिखट आहे अशी. पुरुषांसाठी होडीवर काम केलेला पुरुष. आणि एकदा असं कर: तिने लुओमध्ये, म्हणजे तिथल्या भाषेत, काय सांगितलं ते तिसऱ्या कुणाकडून इंग्रजीत वदवून घे. तुझं वाक्य परत आलं तर ठीक. ‘परमेश्वराला भिऊन वागा’ असं परत आलं तर तुला कळेल सात महिने काय चाललं होतं.

तुला स्वतःला एक विचारते. हे शब्द तुला मराठीत तरी म्हणता येतात का? आपण नर्सिंगला इंग्रजीत शिकतो, घरी ‘तिकडचं’ आणि ‘खालचं’ म्हणून भागवतो, आणि मधली मराठी आपल्याकडे नसतेच. खोलीचं दार लावून मोठ्याने म्हणून बघ. लिंग, योनी, वीर्य, संभोग. दहा वेळा. ऐकणाऱ्याला तुझ्या तोंडचा लुओ शब्द नंतर कळतो, आधी तुझा अवघडलेपणा कळतो. आणि तिकडे बोलीत काय म्हणतात ते विचारून घे. स्वाहिलीत ‘म्पिरा’ म्हणजे चेंडू, रबर आणि काँडोमही. ‘दावा’ म्हणजे आपलं दवाच. ‘चिरा’ हा शब्द मात्र जपून. रीत मोडल्यामुळे माणूस झिजत जातो असं जुने लोक मानतात, त्याला चिरा म्हणतात, आणि एड्सने झिजलेल्याला अनेकदा तेच नाव दिलं जातं. त्यावर वाद घालू नकोस. ‘चिरा असो नसो, रक्त तपासून घेऊ’ एवढं पुरतं.

प्रात्यक्षिकाचं थोडक्यात. आपल्याकडे कुटुंबनियोजनाच्या जुन्या कार्यकर्त्यांची एक गोष्ट आहे: ताईंनी निरोध अंगठ्यावर चढवून दाखवला, आणि वर्षाने बाई पोर घेऊन आली, म्हणाली, ‘रोज रात्री न चुकता अंगठ्याला लावत होतो.’ खरी की रचलेली कोण जाणे, पण लाकडी मॉडेल आहे ते याचसाठी. तू दाखवणं बंद कर, त्यांच्या हातात दे. तारीख वाचणं, पाकीट दाबून आत हवा आहे का बघणं, दातांनी न फाडता कडेने फाडणं, टोक चिमटीत धरून उलगडणं, आणि नंतर ताठपणा जायच्या आत तळाशी धरून बाहेर काढणं. हे शेवटचं सगळे विसरतात. आणि तेल! स्वयंपाकाचं तेल, व्हॅसलीन, खोबरेल, काहीही लावलं की लॅटेक्स खराब होतं आणि फाटतं. ‘काँडोम फाटतोच’ असं सांगणाऱ्या माणसाला आधी विचार, काय लावलं होतंस.

पुरुषांना कधी गाठायचं? ओमेना धरतात अंधाऱ्या रात्री, दिव्यांच्या उजेडावर. पौर्णिमेच्या आसपास दिव्याला मासा येत नाही, होड्या काठावर पडून असतात, हातात वेळ असतो आणि आधीच्या दिवसांतला पैसाही. तुझ्या संस्थेचं वेळापत्रक दर मंगळवारचं असेल, सरोवराचं चंद्राचं असतं. त्यांना सुंतेबद्दल नक्की विचार. तिथल्या लुओ लोकांमध्ये ती प्रथा नव्हती. किसुमूमधली सुंतेची मोठी चाचणी २००६ च्या डिसेंबरात मध्येच थांबवली, कारण सुंता केलेल्या पुरुषाला बाईकडून एचआयव्ही होण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो हे स्पष्ट झालं होतं. २००८ पासून तिकडे मोठी मोहीम झाली. चांगलंच आहे. पण ‘माझी झाली आहे, आता काँडोम कशाला’ हे तुला दर होडीमागे एकाकडून ऐकू येईल. धोका कमी होतो, संपत नाही. जखम भरायच्या आत, म्हणजे सहा आठवडे, संबंध नकोत. आणि सुंता त्याची झाली म्हणून तिचं संरक्षण होत नाही. या पुरुषांमध्ये एखादा असाही असेल ज्याचे संबंध पुरुषांशी आहेत. केनियाच्या दंडसंहितेच्या कलम १६२ खाली त्याला १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तो सभेत बोलणार नाही, त्याला बोलतं करायला जाऊ नकोस. सगळ्यांना सांगताना त्याच्याही कामाचं एक वाक्य टाकून ठेव.

आता मुद्द्याची गोष्ट. तुझ्या मासळीवालीला त्या माणसाच्या संमतीशिवाय वापरता येईल असं काय आहे? काँडोमला त्याचं मन वळवावं लागतं. बाईचा काँडोम आठ तास आधी घालता येतो, मिळत असेल तर दाखव. पण तिच्यासाठी सगळ्यात कामाची आहे ती प्रेपची गोळी. एचआयव्ही नसलेल्या माणसाने तो होऊ नये म्हणून रोज घ्यायची, आधी चाचणी करून. केनियात २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आहे. बाईने निदान सात दिवस रोज घेतल्यावरच तिच्यावर भरवसा धरायचा, आणि गरोदरपण, गरमी, परमा यांपासून ती वाचवत नाही हे स्पष्ट सांगायचं. माझ्या वेळी ही गोळी आलेली नव्हती, पण उपचाराच्या गोळ्यांच्या बाबतीत मी जे पाहिलं ते तुझ्या कामी येईल: बाटली खुळखुळते. चालताना पिशवीत वाजते, आणि शेजारीण आवाजावरून ओळखते. प्रेपवाल्या बाईलाही लोक ‘तिला झालाय’ म्हणून मोकळे होतात. बायका बाटलीत कापूस भरतात, किंवा गोळ्या कागदात बांधून मिठाच्या डब्यात ठेवतात. कापसाचं चालेल, मिठाच्या डब्याचं नको, ओल धरते.

ज्यांना एचआयव्ही आहे त्यांच्यासाठी एक वाक्य तोंडपाठ कर: रोज गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो पुढे जात नाही. २०११ पासून एकामागून एक मोठ्या अभ्यासांनी हे पक्कं केलंय. धमकीपेक्षा हे वाक्य जास्त लोकांना दवाखान्यात आणतं. मच्छीमार एका काठावरून दुसऱ्या काठावर फिरतात आणि गोळ्या मागे राहतात, तेव्हा जास्त महिन्यांच्या एकदम मिळतील का हे दवाखान्यात विचार. पण कशाचीही हवा करण्याआधी कपाटात काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, तेव्हापासून तिकडच्या अनेक केंद्रांत माणसं कमी झाली, पुरवठा विस्कळीत झाला. एचआयव्ही टाळण्यासाठी वर्षातून दोनदा घ्यायच्या नव्या इंजेक्शनबद्दल बायका ऐकून असतील, विचारतील. तुझ्या केंद्रात ते आलेलं नसेल तर ‘आलं की सांगेन’ म्हण. आशा लावून बाईला आठ किलोमीटर चालवलंस आणि तिथे ‘नाही’ ऐकून ती परतली, तर पुन्हा ती तुझ्या झाडाखाली बसणार नाही.

ती सोळा वर्षांची मुलगी. तिथे माझा सूर बदलतो. तिच्याशी बोल, पण ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन आधी देऊ नकोस. केनियात संमतीचं वय १८ आहे, २००६ चा लैंगिक गुन्ह्यांचा कायदा आहे, आणि तुझ्या संस्थेत बालसंरक्षणाची जबाबदारी कुणाकडे आहे ते तुला माहीत असायलाच हवं. नसेल तर उद्या सकाळी पहिलं काम ते. तिला म्हण, ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर मला एका माणसाला सांगावं लागेल. कुणाला ते आपण दोघी मिळून ठरवू.’ मग गप्प बस. तिने सांगितलेलं तीन दिवसांच्या आतलं असेल तर घड्याळाकडे बघ. संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि २८ दिवस चालतात. गर्भधारणा टाळायच्या गोळीला पाच दिवसांपर्यंत अवधी असतो, तिथेही उशीर नको. ती तयार झाली की तिथल्या एखाद्या विश्वासू नर्सकडे तिच्यासोबत जा. चीफकडे, म्हणजे तिथल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, किंवा तिच्या घरी परस्पर जाऊ नकोस. कागदपत्रंही जपून. मी एके ठिकाणी पाहिलंय, नाव नको: एचआयव्हीच्या रुग्णांना वेगळ्या रंगाचं कार्ड द्यायचे, सोयीसाठी. महिन्याभरात बसस्टँडवरच्या चहावाल्यालाही तो रंग माहीत झाला होता.

‘मुहिंदी’ म्हणतात त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. रेल्वे १९०१ साली किसुमूला पोचली तेव्हापासून तिथे हिंदी माणूस म्हणजे दुकानदार, स्वाहिलीतला ‘दुका’ म्हणजेही आपलं दुकानच. दुकानदाराच्या जातीची पोर फुकट काहीतरी वाटते आहे म्हटल्यावर त्यांना संशय येणारच. आणि लग्नाचं म्हणशील तर हसून म्हण, ‘बरोबर आहे, मला कळत नाही, तुम्ही सांगा.’ लग्न झालेल्या बाईला हे वाक्य म्हणता येत नाही. तुझ्या हातात हे फार मोठं भांडवल आहे.

आईबद्दल मला तुझ्याइतका राग येत नाही. रघुनाथराव कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, आणि १९३४ मध्ये त्यांच्यावर जो अश्लीलतेचा खटला झाला तो असल्याच सदरासाठी, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांसाठी. बाबासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडली, तरी दंड झालाच. त्या मानाने तुझी आई फारच सौम्य. ती खोटं बोलते ते तुला स्थळं येत राहावीत म्हणून, हे तुलाही ठाऊक आहे. पुढच्या फोनवर तिला त्या बाईचा प्रश्न सांग, तुझं रडणं वगळून. कराडच्या मंडईत कोण कुणाला आधी माल देतो आणि का, हे तुझ्या आईला चांगलं माहीत असणार. ती काय म्हणते ते मला कळव.

आणि हो, पत्रासोबत तू खोलीचा फोटो पाठवलास. काँडोमची पेटी खिडकीशी, पत्र्याच्या छपराला टेकून ठेवली आहेस. दुपारी तिथे किती तापत असेल. आजच्या आज खाली सावलीत घे, आणि वरची पाकिटं उघडून बघ, चिकट झाली असतील तर वाटू नकोस.

— ताई